कॉफीवरची जाळी

"मंग माशी माह्याच बागेत राहावं, लोकाच्या बांधावर जाऊ नये, याले काही उपाय हाये का नाई?"

मारोतराव खडक्यांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

अच्युतबाबा मठीच्या ओट्यावर बसून आपली झोळी शिवत होते. सुईत दोरा जात नव्हता. त्यांनी दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं, पुन्हा लावून पाहिलं, आणि मग सुई अन् दोरा दोन्ही मारोतरावांच्या हातात दिले.

मारोतरावांनी दोरा ओवून दिला.

"माशी म्हंजे?" बाबांनी विचारलं.

"मधमाशी, बाबा."

"अन् माह्याच म्हंजे?"

मारोतरावांना राग आला. पण बाबांवर रागवायची गावात पद्धत नव्हती. त्यांनी तो गिळला.

चिखलदऱ्याच्या पठारावर कॉफी पिकते असं खाली मैदानात सांगितलं, की माणसं आधी हसतात. मारोतरावांना या हसण्याचा तीस वर्षांचा सराव होता. हसणाऱ्याला ते घरी नेऊन कपभर कॉफी पाजत. तो दुसरा कप मागे. त्यामुळे आपण म्हणतो ते लोकांना उशिरा पटतं, पण पटतंच, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. चांगल्या माणसाचं डोकं बिघडायला एवढं पुरतं.

मधाच्या पेट्यांचा धंदा मात्र त्यांच्या डोक्यातून निघालेला नव्हता. तो धाकट्या भावाचा, पुंडलिकचा. पुंडलिकच्या हातात सुतारकाम होतं. त्यानं पाच पेट्या तयार केल्या, जंगलातल्या ढोल्या धुंडाळून पाच मोहोळं आणली आणि पेट्यांत बसवली. मारोतरावांची बायको वच्छला तोंडाला पदर बांधून पेटी उघडायची. तिला माशा चावत नसत. का, ते तिलाही सांगता यायचं नाही.

तिघांचा घरचा धंदा. मारोतरावांनी त्यात फक्त नाव घातलं. बाटलीवर लावायचं नाव… 'शुद्ध कॉफीच्या फुलांचा मध'. आणि त्या नावानंच घात केला.

कॉफीला वर्षातून एकदा फूल येतं. आठ-नऊ दिवस झुडपं पांढरीशुभ्र होतात आणि जाईसारखा वास सुटतो. त्या दिवसांत एका सकाळी मारोतराव एका माशीच्या मागे लागले. ती पेटीतून निघाली, त्यांच्या कॉफीवरून तशीच पुढे गेली, कुंपण ओलांडलं आणि शेजारच्या श्रीपतच्या जांभळावर जाऊन बसली.

श्रीपतशी सहा वर्षं बोलणं नव्हतं. बांधाची गोष्ट होती. हातभर जमिनीवरून दोघांनी एकमेकांची सात पिढ्यांची उणीदुणी काढली होती.

"राहाचं आमच्या पेटीत अन् चाकरी त्याची!" मारोतराव घरी येऊन ओरडले.

मग त्यांनी कुंपणावरची फुललेली रायमुनियाची झुडपं मुळासकट उपटून टाकली. कॉफीखाली उगवलेलं रानफुलांचं गवत छाटलं. आणि शेवटी परतवाड्याहून हिरवी जाळी आणून, बांबू रोवून, पेट्यांसकट अख्खा अर्धा एकर झाकून टाकला. आता पिऊ द्या, म्हणाले, फक्त कॉफी.

पुंडलिक म्हणाला, "दादा, असं नको करू."

वच्छलेनं बांबूला हात लावला नाही.

नवव्या दिवशी कॉफीची फुलं गळाली. जाळीत खायला काही उरलं नाही. सावलीसाठी लावलेली उंच झाडं जाळीतून वर गेली होती. त्यांच्या बुंध्याभोवती भोकं राहिली होती. माशांनी ती शोधून काढली. एकेका दिवशी एकेक पेटी रिकामी होत गेली. चार गेल्या. पाचवीत मूठभर माशा तेवढ्या घुटमळत होत्या.

"पाचवी गेली का मीही चाललो," पुंडलिक म्हणाला. "परतवाड्याले लाकडाच्या मिलवर काम हाये."

तेव्हापासून तो सकाळीच घराबाहेर पडायचा आणि दिवेलागणीला यायचा. जेवताना बोलायचा नाही. भाऊ जाईल याची मारोतरावांना धास्ती होती. आईबापामागं त्यांनीच त्याला लहानाचा मोठा केला होता. पण तोंडानं ते म्हणत, "जाते तं जाऊ दे."

असा सगळा कारभार आटपून ते आज मठीत आले होते. एका हातात प्रश्न, दुसऱ्या हातात डबा.

"उपाय हाये," बाबा म्हणाले.

मारोतराव पुढे सरकले.

"डब्यात काय हाये?"

"पुरणाची पोळी, बाबा. वर साजूक तूप."

"मी पाच घरचं मागून खातो. तुले ठाऊक हाये."

सगळ्या गावाला ठाऊक होतं. वीस वर्षं बाबा रोज झोळी घेऊन पाच दारी उभे राहत. मारोतरावांचं घर, श्रीपतचं, शाळेच्या मास्तरांचं, उतारावरच्या लोहाराचं, आणि सगळ्यात शेवटी ठकूआजीचं. प्रत्येक घरून चतकोर-अर्धी भाकरी, जी असेल ती भाजी. सगळं एकाच झोळीत.

"कायले फिरता, बाबा?" मारोतराव म्हणाले. ही गोष्ट त्यांच्या मनात बऱ्याच दिवसांपासून होती. "गुडघे दुखतात तुमचे. कोणाच्या भाजीत मीठ, कोणाच्या भाजीत नाई. सारा काला होते. मी रोज ताट आणत जाईन. एक घर, एक चव. शुद्ध."

बाबांनी झोळीला शेवटचा टाका घातला. दोरा दातानं तोडला.

"बरं," ते म्हणाले.

"बरं?"

"पण मंग तुह्याच घरचं. दुसऱ्याच्या घरचं शीतही नाई."

मारोतरावांचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. वीस वर्षांत तालेवारांनी हात जोडले होते, बाबा कोणाचे झाले नव्हते. त्यांनी चटकन वाकून पाय धरले, न जाणो बाबांचं मन फिरायचं.

जायला उठल्यावर त्यांना मूळ गोष्ट आठवली.

"अन् बाबा, उपाय?"

"तो सुरू झाला."

…

मारोतराव रोज स्वतः ताट घेऊन जात. चढावरच्या वाटेनं, दुपारच्या आत, ताटावर पांढरंशुभ्र फडकं झाकून. वाटेत कोणी भेटलं तर मुद्दाम थांबत. "बाबांचं ताट," म्हणत. कोणी विचारलेलं नसे.

पहिल्या दिवशी पोळी, दुसऱ्या दिवशी शिरा, तिसऱ्या दिवशी भरली वांगी. चौथ्या दिवसापासून वरण-भात. वच्छलेलाही घरचं काम होतंच.

बाबा जेवत. ताट धुऊन परत देत.

सातव्या दिवशी बाबांचं ताट न्यायच्या आधी मारोतराव घरी चार घास खायला बसले, तर वच्छलेनं वाढता वाढता हात थांबवला.

"बाया विचारून रायल्या," ती म्हणाली.

"काय?"

"बाबा काहून येत नाईत म्हणून. मास्तरीणबाई परवा रडल्या. आमच्या हातून काही चुकलं का म्हणे."

"सांगावं नं, बाबा आता आपल्या घरचं जेवतात म्हणून."

"सांगतलं."

"मंग?"

वच्छलेनं भाजीचं पातेलं खाली ठेवलं. "ठकूआजीनं सहा दिवसांपासून चूल पेटवली नाई."

"काहून? बिमार हाये का?"

"धडधाकट हाये. बाबा येत म्हणून ती भाकर करे. एक त्यायले, एक तिले. आता कोणासाठी करू म्हणते. मुरमुरे खाऊन राहते अन् भिंतीकडे तोंड करून झोपते."

मारोतरावांच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. ठकूआजीनं त्यांना लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं होतं. तिला आता कोणी नव्हतं. आणि सहा दिवस ते तिच्या दारावरून ताट मिरवत गेले होते. त्यांना लाज वाटली. नुसती वाटली नाही, जेवणावरून उठवण्याइतकी वाटली.

ते हात धुऊन थेट मठीत गेले.

"बाबा, आजपासून तुमी आपले पाच घरं फिरा."

"तुह्या घरचं जेवण चांगलं हाये," बाबा म्हणाले. "वच्छलेच्या हाताले चव हाये."

"ते खरं हाये, पण…"

"फक्त गावात कोणाचं काय चाललं, ते मले सहा दिवसांपासून ठाऊक नाई."

"ठकूआजी उपाशी हाये, बाबा!"

बाबांनी खुंटीवरच्या झोळीकडे पाहिलं.

"मी तुले शब्द देला," ते म्हणाले.

"मी सोडतो तुमाले शब्दातून."

"तू सोडशीन. मी कसा सोडू?"

मारोतराव रडकुंडीला आले. "मंग ठकूआजीचं काय?"

बाबा उठले. खुंटीवरची झोळी काढली. तिच्यावरची धूळ झटकली. मग ती मारोतरावांच्या खांद्यावर अडकवली.

"तू जाय."

"मी?"

"चार घरं हायेत. तुहं सोडून. तुह्या हातून आलं का ते तुह्याच घरचं."

"बाबा, मी… मारोत खडके… झोळी घेऊन?"

बाबा पुन्हा ओट्यावर बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

…

पहिलं घर लोहाराचं. मारोतराव झोळी पुढे धरून दारात उभे राहिले. लोहाराच्या बायकोनं झोळी पाहिली, माणूस पाहिला, आणि तिला हसावं का पाया पडावं ते कळेना. तिनं अर्धी भाकरी घातली.

मास्तरांच्या घरी मास्तरीणबाईंनी हात पुसत पुसत धावत येऊन विचारलं, "बाबांचा राग गेला का हो?"

"राग नव्हताच, बाई," मारोतराव म्हणाले. "माही चूक होती."

हे वाक्य त्यांच्या तोंडातून कसं निघालं, ते त्यांनाही कळलं नाही.

ठकूआजी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"आजी, भिक्षा वाढ."

"कोण हाय?"

"मारोत."

"तू? बाबाले बांधून ठेवलं म्हणतात तुनं."

"सोडून देलं, आजी."

ती उठून बसली. त्यांच्याकडे नीट पाहिलं. खांद्यावरची झोळी पाहिली. मग चुलीशी गेली आणि राख उकरू लागली.

मारोतराव उंबऱ्यावर बसून राहिले. काटक्या ओल्या होत्या, धूर झाला, म्हातारी खोकली, पण चूल पेटली. तिनं दोन भाकरी थापल्या. एक झोळीत घातली. दुसरी मोडून अर्धी त्यांच्या हातावर ठेवली अन् उरलेली अर्धी स्वतः खाऊ लागली.

"खाय," ती म्हणाली. "भुकेला माणूस भिक्षा मागत फिरला तं गावाची अब्रू जाते."

गरम भाकरी खाताना मारोतरावांचे डोळे भरून आले. धुरानं, असं त्यांनी आजीला सांगितलं.

आता एकच घर उरलं होतं. बाबांच्या वाटेवरचं दुसरं, पण मारोतरावांनी ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

श्रीपतच्या फाटकाशी ते किती वेळ उभे राहिले, कोण जाणे. परत फिरावं असं दोनदा मनात आलं. तीन घरचं झालं, बाबांना काय कळतं चौथ्याचं, असंही मनात आलं. तेवढ्यात श्रीपतच बाहेर आला.

त्याची नजर झोळीवर थांबली.

"भिक्षा," मारोतराव म्हणाले.

श्रीपत आत गेला. मारोतरावांना वाटलं, आता दार लागतं. पण तो ज्वारीची अख्खी भाकरी आणि त्यावर मिरचीचा ठेचा घेऊन आला. ते झोळीत घातलं.

मारोतराव वळले.

"थांब," श्रीपत म्हणाला. "तुही एक वस्तू माह्याकडे हाये."

तो पुढे चालू लागला. मारोतराव मागे गेले. घराच्या पाठीमागे ते जांभूळ होतं. फुलांनी लगडलेलं. खाली फुलांचे बारीक तंतू गळून जमीन पांढुरकी झाली होती. आणि सगळं झाड गुणगुणत होतं.

बुंध्यात कमरेएवढ्या उंचीवर एक ढोली होती. तिच्या तोंडाशी माशांची ये-जा चालली होती. उन्हाची तिरीप आत जाऊ नये म्हणून कोणीतरी वर ओलं पोतं टांगलं होतं.

झाडाखाली पुंडलिक बसला होता.

"घरचे म्हणे, धूर लावून मध काढून घेऊ," श्रीपत सांगत होता. "मी म्हटलं, माशी मारोतच्या पेटीतली हाये. हात नाई लावाचा. हा रोज येऊन बसते. पोतं ओलं करते."

मारोतरावांना वाटत होतं, भाऊ परतवाड्याला काम शोधतो आहे. तो इथं होता. कुंपणापलीकडे, शंभर पावलांवर.

पुंडलिक उठून उभा राहिला. भावाच्या खांद्यावर झोळी पाहून त्यानं हात पुढे केला.

"दादा," तो म्हणाला, "आन इकडे. जड असन."

मारोतरावांनी झोळी दिली नाही. पण त्यांनी दुसरा हात भावाच्या पाठीवर ठेवला, आणि तिथंच राहू दिला. श्रीपत दुसरीकडे पाहू लागला.

…

बाबांनी झोळी ताटात रिकामी केली. लोहाराची जाड भाकरी, मास्तरांची पातळ, आजीची धुराच्या वासाची. वांग्याचं कालवण पिठल्यात सांडलं होतं आणि ठेचा सगळ्याला लागला होता.

बाबांनी सगळं एकत्र कालवलं आणि खायला लागले.

मारोतराव समोर बसले होते. त्यांनी घडलेलं सगळं सांगितलं. चूल, पोतं, भाऊ, सगळं. बाबा ऐकत होते की नाही, कळत नव्हतं. घास मात्र थांबत नव्हता.

"जाळी काढतो, बाबा. आत्ताच जाऊन काढतो."

"हं."

"पाचव्या पेटीत अजून थोड्या माशा हायेत. वाचतीन, वच्छला म्हणते."

"हं."

मारोतराव घुटमळले. मूळ प्रश्न अजून तसाच होता, आणि तो विचारल्याशिवाय त्यांना जाववेना.

"अन् ते ढोलीतलं मोहोळ… श्रीपत म्हणते, तुहं हाये, घेऊन जाय. पुंडलिक म्हणते, दिवस कलला का पेटीत घेता येईन." त्यांचा आवाज हळूच खाली आला. "आणू नं घरी परत?"

बाबांना ठेचा झोंबला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते तांब्याभर पाणी प्यायले. तोंड पुसलं.

"आणू नको," ते म्हणाले. "पेटी तिथं नेऊन ठेव."